दुसरं डोकं : बेडकाच्या भ्रूणावरच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ मार्च २०२४, सोमवार

प्रयोगशाळेची अधिकृत वही इंग्रजीत आहे आणि दर आठवड्याला तिच्यावर माझ्या मार्गदर्शक बाईंची सही होते. त्या वहीत चुका आपोआप नीटनेटक्या होऊन जातात. म्हणून ही दुसरी वही, मराठीत, फक्त माझ्यासाठी.

जर्मनीत येऊन पाच महिने झाले. आजवर बेडकांच्या टाक्या धुतल्या, दुसऱ्यांचे पेपर वाचले. आज माझं काम ठरलं. बेडूक आफ्रिकेतला, नखवाला, झेनोपस लेविस. त्याचा भ्रूण चार पेशींचा असताना पोटाच्या बाजूला आरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून पेशी प्रथिन बनवते) टोचायचा आणि तिथे दुसरी पाठ उगवते का ते बघायचं. ती उगवली की आणखी एका जनुकाचा आरएनए सोबत द्यायचा आणि त्या दुसऱ्या पाठीला डोकं फुटतं का ते बघायचं. यात नवं काही नाही, हायडेलबर्गच्या गटाने हे १९९७-९८ मध्येच दाखवलं आहे. बाई म्हणाल्या, आधी जुनं जमवून दाखव, मग तुझे प्रश्न विचार.

मला यात गंमत वाटते ती अशी. डोकं, पाठ, मज्जारज्जू घडवणारी जनुकं म्हटल्यावर मला गवंडी आठवायचे, वीट आण, वीट लाव. भ्रूणाच्या पाठीकडच्या 'संघटक' भागात जी जनुकं चालू होतात, कॉर्डिन, नॉगिन, सर्बेरस, डिककॉफ, त्यांची प्रथिनं मात्र पेशीबाहेर जाऊन फक्त दुसऱ्यांचे संदेश अडवतात. बीएमपी नावाचा संदेश सगळीकडे सांगत असतो, 'कातडी हो, पोट हो'. कॉर्डिन आणि नॉगिन त्या बीएमपीलाच धरून ठेवतात. जिथे हा संदेश पोचत नाही तिथे चेतासंस्था तयार होते. डिककॉफ विंट नावाचा दुसरा संदेश अडवतं.

६ मार्च

संध्याकाळी मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन. ते मी देत नाही, परवाना असलेल्या तंत्रज्ञ बाईच देतात. संप्रेरक गर्भवती स्त्रीच्या लघवीत सापडतं तेच, एचसीजी. १९३० च्या दशकापासून गर्भचाचणी म्हणून हाच बेडूक वापरत. बाईची लघवी बेडकीला टोचायची, सकाळपर्यंत तिने अंडी घातली तर बातमी गोड. आमचा बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला त्यामागे हे एक मोठं कारण.

दिसायला तो आपल्या बेडकासारखा नाहीच. चपटा, जीभ नसलेला, डोळे वर लागलेले, मागच्या पायाच्या तीन बोटांना काळी नखं. पाण्याबाहेर येत नाही. आणि डराव डराव तर नाहीच, पाण्याखालून टिक्‌ टिक्‌ टिक्‌ असं काहीतरी करतो. चिपळूणच्या पावसात मोठी झालेली मी, मला हे बेडकाचं ओरडणं वाटतच नाही.

७ मार्च

अंडी मिळाली. मादीला हातात धरून पाठीवरून हलकं दाबलं की बशीत साबुदाण्यासारखी ओघळतात. प्रत्येक अंडं सव्वा मिलीमीटरचं, अर्धं तपकिरी-काळं, अर्धं पिवळट पांढरं. नराच्या वृषणाचा तुकडा चिमट्याने कुस्करून अंड्यांवर फिरवला, मिनिटभराने पाणी घातलं आणि घड्याळ लावलं.

पुढची वीस मिनिटं मी डोळे लावून बसले होते. सुरुवातीला अंडी कशीही पडलेली असतात, कुणाची पांढरी बाजू वर, कुणाची आडवी. फलन झालं की कवचाच्या आतलं अंडं सुटं होतं आणि जड पांढरी बाजू खाली जाते. एकेक करत सगळी बशी काळी झाली. कुणी हात न लावता. एवढ्यासाठी सकाळी सहाला उठायला माझी हरकत नाही.

मग जेली काढायची. त्यासाठी सिस्टीनचं द्रावण. सडक्या अंड्यांचा वास, आणि तो जाकिटाला चिकटून घरापर्यंत येतो. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी राहिली.

दीड तासाने पहिली चीर पडली. पाठ कुठली आणि पोट कुठलं हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं. शुक्राणू जिथून आत शिरतो त्याच्या साधारण समोरच्या बाजूला पाठ होते. अंड्याची बाहेरची साल आतल्या ऐवजावरून सुमारे ३० अंश सरकते आणि तळाशी आईने ठेवून दिलेले घटक त्या सरकण्याबरोबर एका बाजूला येतात. त्या बाजूच्या पेशींत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठतं, पुढे तिथेच सियामॉइस, मग गूसकॉइड आणि कॉर्डिन ही जनुकं चालू होतात. एका घसरगुंडीवर एवढं सगळं अवलंबून.

१४ मार्च

दोन दिवस आरएनए बनवण्यात गेले, ते चांगले झाले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आज सुई.

काचेची नळी तापवून ओढली की टोक केसाहून बारीक होतं, ते चिमट्याने नेमकं मोडायचं. मग तेलात एक थेंब सोडून त्याचा व्यास मोजायचा. पाच नॅनोलिटर हवे तर थेंब ०.२१ मिलीमीटरचा. माझा ०.२७ चा होता. मला वाटलं, जवळपास आलं. शेजारच्या टेबलावरच्या पोर्तुगीज मुलाने कागदावर घन काढून दाखवला, ते जवळजवळ दहा नॅनोलिटर झाले. दुप्पट! व्यासाला 'जवळपास' चालत नाही.

साठ भ्रूण टोचले. संध्याकाळी मोजले तर नऊ धड. बाकीच्यांच्या पोटातून पांढरा पीठगोळा बाहेर आलेला. हात कापतो म्हणून दुपारची कॉफी बंद केली.

२२ मार्च

मंगळवारी विंट-८ (विंट संदेशांपैकी एक) चा आरएनए पोटाकडच्या एका पेशीत टोचला होता, प्रत्येकी २० पिकोग्रॅम. हा आमचा 'पास-नापास' प्रयोग, हे जमलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. चाळीस टोचले, एकोणतीस जगले, बावीसांना दोन डोकी! एकच शेपूट आणि वर वाय आकारात दोन मानांवर दोन डोकी, चार डोळे. साधं पाणी टोचलेल्यांत एकालाही नाही.

रात्री आईला फोटो पाठवला. तिचा निरोप : 'बघवत नाही गं. पण स्पष्ट आलाय फोटो.' बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेली बाई आहे.

२५ मार्च, धुळवड

गुरुवारी खरा प्रयोग केला होता. बीएमपीचा अर्धवट कापलेला रिसेप्टर. तो संदेश पकडतो पण आत पोचवत नाही, म्हणजे फोन उचलायचा आणि बोलायचं नाही. पोटाकडच्या दोन्ही पेशींत. आज बघितलं तर काहीच नाही. त्रेपन्न निरोगी, सरळ, एका डोक्याचे, सुंदर भ्रूण. इतके सुंदर की रडू आलं.

आरएनए खराब? जेलवर चालवून बघितला, ठणठणीत. थेंब? बरोबर. संध्याकाळी बाईंनी एकच प्रश्न विचारला : पोट कसं ओळखलंस?

चार पेशींच्या अवस्थेत पाठीकडच्या दोन पेशी थोड्या लहान आणि फिकट, पोटाकडच्या मोठ्या आणि गडद. मंगळवारी पोर्तुगीज मुलाने भ्रूण निवडून दिले होते. गुरुवारी मी स्वतःच निवडले, आणि त्या मादीची अंडी मुळातच चितकबरी होती. बहुतेक मी पाठीलाच टोचलं. तिथे बीएमपी आधीच अडवलेलं असतं, आणखी अडवून काय होणार? बंद दाराला कुलूप लावलं मी.

तिकडे सगळे रंग खेळतायत म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो येत होते. माझ्या हातांना सिस्टीनचा वास.

२७ मार्च

उपाय साधा आहे. आरएनएसोबत चमकणारा डेक्सट्रान (रंग जोडलेला साखरेचा लांब रेणू) टोचायचा. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली धरलं की माझी सुई कुठे गेली होती ते कळतं. पाठीकडे चमकणारे भ्रूण सरळ बाजूला काढायचे. हे मला पहिल्याच दिवशी का सुचलं नाही?

शंभर वर्षांपूर्वी फ्रायबुर्गमध्ये हिल्डे मांगोल्ड हिच्यापुढे हीच अडचण होती. हान्स श्पेमान या भ्रूणशास्त्रज्ञाची विद्यार्थिनी. एका न्यूटच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या नातलगाच्या) भ्रूणातला पाठीकडचा ओठ, म्हणजे पेशी जिथून आत वळतात ती संघटकाची कड, कापून दुसऱ्याच्या पोटाकडे लावायचा. पण नंतर उगवलेला अक्ष, म्हणजे दुसरी पाठ, लावलेल्या तुकड्यातून झाला की यजमानाच्या पेशींतून, हे ओळखायचं कसं? तिने दोन जातींचे न्यूट घेतले, एक गडद, एक फिकट. रंगच तिची खूण. आणि दिसलं ते असं की दुसऱ्या अक्षाचा बराचसा भाग यजमानाच्याच पेशींचा होता. लावलेल्या तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. जिवाणूंपासून भ्रूण वाचवायची धड साधनं नव्हती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच तगले. पेपर १९२४ मध्ये आला, त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या भडक्यात भाजून ती गेली, पंचवीस वर्षांची होती. नोबेल श्पेमानला १९३५ मध्ये.

त्या काळात इलेक्ट्रॉनिक पंप नाही, डेक्सट्रान नाही. काचेची सुई आणि बाळाच्या केसाचा फास, एवढ्यावर.

३१ मार्च, रविवार

ईस्टर, इमारतीत चिटपाखरू नाही. काल दुपारी दोनला फलन केलं, भ्रूण सोळा अंशांवर ठेवले. आज कॉर्डिनच्या रंगचाचणीसाठी (जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणारी चाचणी) स्थिर करायचे होते, पाठीकडचा ओठ चंद्रकोरीसारखा वळलेला असताना. हिशेब करून, अलार्म लावून आले. मायक्रोस्कोपखाली बघते तर चंद्रकोर नाही. नुसती एक काळी बारीक रेघ.

तापमान तपासलं, बरोबर. पाणी तपासलं. पंधरा मिनिटं घाबरून बसल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते आणि माझा फोन यांत बरोबर एक तासाचा फरक. काल रात्री इथे उन्हाळी वेळ सुरू झाली! फोन आपला आपण पुढे गेला, भिंतीवरचं घड्याळ आणि भ्रूण मागेच राहिले.

अर्धी बशी घाईत फिक्सेटिव्हमध्ये टाकून झाली होती. उरलेली अर्धी तासभर थांबून, डोळ्यांनी ओठ बघून टाकली. यापुढे वहीत तास लिहायचे ते फक्त सोबतीला, अवस्था बघूनच ठरवायचं. अवस्थांची तक्ताचित्रं ज्यांनी १९५६ मध्ये काढली, त्या न्यूकोप आणि फाबर यांनी ती त्याचसाठी काढली आहेत ना!

९ एप्रिल, गुढीपाडवा

श्रीखंड इथल्या क्वार्कचं. जमलं बऱ्यापैकी, वेलची जास्त झाली.

आईशी तासभर बोलले. तिने नेमका तोच प्रश्न विचारला ज्यावर मी गेल्या महिन्यात अडले होते.

'अगं, तू म्हणतेस विंट टोचलं की दोन डोकी. आणि आता म्हणतेस विंट अडवणारं टोचलं की डोकं. एकदा काय ते ठरव.'

ठरवलं. मध्ये एक रेषा आहे. फलनानंतर बारा विभाजनं होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार हजार पेशी होईपर्यंत, भ्रूणाची स्वतःची बहुतेक जनुकं गप्प असतात, सगळं आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतं. या रेषेच्या अलीकडे विंटचा संदेश म्हणजे 'इथे पाठ कर'. मी टोचलेला आरएनए लगेच वाचला जातो, म्हणून दुसरा संघटक तयार होतो. रेषेच्या पलीकडे भ्रूण स्वतःचं विंट-८ पोटाकडे आणि बाजूंना चालू करतो, आणि तेव्हा त्याच संदेशाचा अर्थ 'धड कर, डोकं नको'. आरएनएऐवजी डीएनए टोचला तर तो रेषेनंतरच वाचला जातो, आणि मग त्याच विंट-८ ने डोकं खुजं होतं.

आई म्हणाली, 'म्हणजे शब्द तोच. सकाळी बोललं की एक, दुपारी बोललं की दुसरं.' मला पेपरमध्ये असं वाक्य सापडलं नव्हतं.

मग ती तिच्या झुरळावर आली. प्रॅक्टिकलला झुरळ पाठीकडून उघडायचं, सगळं बाजूला सारलं की चेतारज्जू तळाशी, पोटाच्या बाजूला. बेडकात तो पाठीला. मुलं दर वर्षी विचारायची, असं उलटं का, आणि ती सांगायची, दोन वेगळे गट, दोन वेगळ्या रचना, लिहून घ्या.

तिला सांगितलं की १८२२ मध्येच जोफ्रवा सेंत-इलेर या फ्रेंच माणसाने शेवंड उताणी ठेवून म्हटलं होतं, बघा, आपल्यासारखीच. लोक हसले. मग १९९० च्या दशकात माशीत कॉर्डिनचं भावंड सापडलं, सॉग. माशीत ते पोटाकडे असतं आणि बीएमपीचं भावंड पाठीकडे, बरोबर आपल्या उलट. माशीचं सॉग बेडकाच्या भ्रूणात टोचलं तर ते पाठीच्या ऊती करतं. जनुकं तीच, जनावर उताणं.

फोनवर बराच वेळ शांतता. मग : 'बत्तीस वर्षं मी पोरांना चुकीचं सांगितलं की काय?'

नाही गं, म्हटलं, त्यातली बरीचशी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

१२ एप्रिल

डेक्सट्रान लावून पुन्हा कापलेला रिसेप्टर. बावन्न जगले, पोटाकडे चमकणारे तेवढेच ठेवले, त्रेचाळीस. एकतीसांना दुसरा अक्ष. बाजूने फुटलेली दुसरी शेपटीसारखी कड, आत स्नायूंचे खंड, वर मज्जारज्जू. आणि पुढचं टोक बोथट. एकालाही डोकं नाही. पुस्तकात आहे तसंच.

बाई आल्या, बघितलं, 'गुट' म्हणाल्या आणि गेल्या. इथे हे मोठं कौतुक आहे.

त्या बिनडोक्याच्या शेपट्या बघताना भुवनेश्वरचं काम आठवलं. उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या एका बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवलं. शेपटीच्या जागी पाय उगवले. १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्या ओडिसीच्या नामवंत नर्तकीही. इथल्या जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं तर निम्म्यांना खरं वाटेना, पेपर उघडून दाखवावा लागला.

१९ एप्रिल

मिश्रण. रिसेप्टर अधिक डिककॉफ-१.

डिककॉफ हे जर्मन नाव, अर्थ जाडडोक्या, म्हणजेच हट्टी. १९९८ मध्ये सापडलं, जास्त दिलं की भ्रूणाचं डोकं मोठं होतं म्हणून हे नाव. ते विंटला धरत नाही, विंट ज्या सह-रिसेप्टरवर येऊन बसतो त्यालाच पकडून ठेवतं. या शाखेत नावं ठेवायची हौस आहे. नॉगिन म्हणजे बोलीतलं 'टाळकं'. सर्बेरस म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा, कारण ते टोचल्यावर नको तिथे डोकी आली. पुढे कळलं की हे प्रथिन खरंच तीन वेगवेगळ्या संदेशांना धरतं, बीएमपी, विंट आणि नोडल. नाव आधी पडलं, तीन तोंडं मागून सापडली.

अठ्ठेचाळीस चमकणारे. तेवीसांना डोकं! दुसऱ्या अक्षाच्या टोकाला गोल फुगीर भाग, कुठे एक डोळा, कुठे दोन. एकाचा डोळा बरोबर मध्यभागी. नुसतं डिककॉफ दिलेल्यांत दुसरा अक्षच नाही.

बीएमपी अडवलं तर धड, बीएमपी आणि विंट दोन्ही अडवलं तर डोकं. डोकं करायला मी काहीही दिलेलं नाही, फक्त दोघांची तोंडं बंद केली.

रात्री झोप लागली नाही. आनंदाने, असं वाटत होतं.

२३ एप्रिल

पोर्तुगीज मुलाला बशांवरची नावं झाकून मोजायला दिलं. त्याने एकोणीस डोकी मोजली, मी तेवीस. चार गेली कुठे?

एकेक करून दोघांनी बघितले. माझ्या त्या चारांत टोकाला काळपट गोल आहे, पण डोळा नाही, मेंदूचा फुगवटा नाही. ती सिमेंट ग्रंथी आहे. पिल्लू पोहायला लागेपर्यंत पानाला किंवा काचेला चिकटून लोंबकळतं ते याच ग्रंथीच्या चिकाने. खऱ्या पिल्लात ती तोंडाच्या खाली असते, म्हणून मला ती दिसली की डोकं दिसलं.

मला डोकी हवी होती म्हणून मी डोकी मोजली. अधिकृत वहीत एकोणीस लिहिलं. पाण्याच्या आणि नुसत्या डिककॉफच्या बशाही त्याच्याकडूनच पुन्हा मोजून घेतल्या, तिथे फरक नाही.

२६ एप्रिल

३१ मार्चच्या भ्रूणांची कॉर्डिनची रंगचाचणी झाली. जांभळा डाग पाठीकडच्या ओठावर कमानीसारखा, स्वच्छ. घाईत टाकलेल्या अर्ध्या बशीत कमान आखूड, तासाने टाकलेल्यांत लांब. वाया गेलेली अर्धी बशी आता मला सगळ्यात आवडते. पण तिच्यावर काही आधारायचं नाही, रंग किती वेळ चढू दिला तेही दोन्हींत सारखं नव्हतं, मी मध्ये चहाला गेले होते.

भ्रूणाच्या स्वतःच्या काळेपणामुळे डाग नीट दिसत नाही. ब्लीच करून बरं झालं, तरी पुढच्या वेळी अल्बिनो मादी मागायची.

२ मे

काल तिकडे महाराष्ट्र दिन, इकडे कामगार दिन, दोन्हीकडे सुट्टी. एकटी येऊन अंडबिंड काही केलं नाही, फक्त बसून यादी केली.

'डोकं' कशाला म्हणायचं हे आता डोळ्यांवर सोडायचं नाही, जनुकावर ठरवायचं. मी ओटीएक्स-२ चा प्रोब (जनुक चालू असेल तिथेच चिकटून रंग देणारा तुकडा) मागवणार होते, पुढच्या मेंदूचं नामांकित जनुक. बाईंनी अर्जावर रेघ मारली : ते सिमेंट ग्रंथीतही चालू असतं. म्हणजे माझी ती चार खोटी डोकी त्यातही जांभळी झाली असती! त्याऐवजी आरएक्स, डोळ्याच्या जागेचं, आणि मध्य आणि पश्च मेंदूच्या सीमेवर पट्टा देणारं एन्ग्रेल्ड-२. लेविसमध्ये निम्म्याहून जास्त जनुकांच्या दोन प्रती असतात, फार पूर्वी दोन जातींच्या संकरातून आलेल्या, त्यामुळे प्रोब दोन्हींना पकडतो का तेही तपासायचं.

अल्बिनो मादी मिळाली आहे. टाकी क्रमांक सात. मंगळवारी संध्याकाळी सहाला इंजेक्शन, बुधवारी सकाळी अंडी. अल्बिनोच्या अंड्याला काळी बाजूच नसते, त्यामुळे वर-खाली आणि पाठ-पोट कसं ओळखायचं हे पोर्तुगीज मुलाला आधी विचारून ठेवायचं आहे.